डोंगराकडे तोंड केलेली खुर्ची

माझ्या सगळ्या नोकरीत ज्या एका तपासाची आठवण काढली की अजून जीव थोडा होतो, तो ना खुनाचा होता ना दरोड्याचा. एका तांब्याच्या हंड्याचा होता. तेव्हा निजामाची राजवट होती आणि मी मोमिनाबादच्या, म्हणजे आताच्या अंबाजोगाईच्या ठाण्यावर अमीन, म्हणजे फौजदार होतो. यातली माणसे आता हयात नाहीत, पण त्यांची घरे आहेत, म्हणून नावे सांगत नाही.

पौषातले दिवस होते. सकाळी रोजनामचा उघडून बसलो होतो, तोच घाटनांदूरच्या बाजूच्या एका जागीरदारांचा कारभारी फिर्याद घेऊन आला. कोठीतला मोठा हंडा, चार माणसांनी उचलावा एवढा, नाहीसा झाला होता. त्याने कुणावर संशय घेतला नाही. मी नोंद केली आणि म्हटले, हंड्याला काही पाय फुटत नाहीत, सापडेल. दोन दिवसांनी आमच्या खबऱ्याने बातमी आणली. जागीरदारांचा डोंगराच्या पायथ्याशी एक पडीक मळा होता. तिथल्या दगडी कोठ्यातून रोज दुपारी धूर निघतो, आणि गावचा न्हावी आणि त्याची बायको तिथे जातात-येतात.

आता हंडा नाहीसा, दुपारचा धूर आणि आडरानातला कोठा म्हटल्यावर पोलिसाला दुसरे काय सुचणार? मी सुतावरून स्वर्ग गाठला. दारूची भट्टी. आबकारीचा गुन्हा आणि चोरी एकाच छाप्यात उघडकीला येणार म्हणून मी स्वतःवर भलताच खूश होतो. जमादार, दोन जवान आणि दोन पंच घेऊन त्याच दुपारी मळ्यावर गेलो.

कोठ्याच्या दारात न्हावी उभा होता. पळाला नाही. आत चुलीवर तोच हंडा, त्यातून वाफ येत होती आणि उग्र वास. आमचा जमादार दारू ओळखण्यात स्वतःला मोठा जाणकार समजायचा. त्याने वाटीभर काढले, फुंकले, घोट घेतला आणि बाहेर पळत जाऊन थुंकला. निर्गुडीचा पाला उकळलेले पाणी होते ते. पुढे आठ दिवस जवान त्याला काढा हवा का म्हणून विचारत होते.

पण माझे हसू लवकर मावळले. तो कोठा भट्टीचा नव्हता आणि राहण्याचाही नव्हता. जमीन सारवलेली, एका कोपऱ्यात न्हाण्याचा दगड, वर वाफ धरायला घोंगडीचा आडोसा. खुंटीला एक जाडजूड पांढरा टॉवेल, तसा मी हैदराबादेतही पाहिला नव्हता. त्याच्या शेजारी पितळी बिल्ला अडकवलेली एक परकी किल्ली, बिल्ल्यावर आकडा. मागच्या दारातून बाहेर पाहिले तर ओट्यावर एक आरामखुर्ची, तिच्यावर घडी घातलेली कांबळ, आणि खुर्चीचे तोंड थेट डोंगराकडे. आणि दोरीवर एक ओले लाल लुगडे वाळत होते. आलवण.

वाचकांतल्या तरुणांना सांगायला हवे. केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेने नेसायचे ते लाल लुगडे. न्हाव्याच्या बायकोचे ते असणे शक्य नव्हते. मी पंचनाम्यात हंडा, टॉवेल, किल्ली, खुर्ची, सगळे लिहिले. आलवण लिहिले नाही. का, ते तेव्हा माझे मलाही सांगता आले नसते.

ठाण्यावर आणून न्हाव्याला बसवले. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, हात मात्र भक्कम. जागीरदारांचे अंग रगडणे हे त्याचे वंशपरंपरेचे काम. जमादार पट्टा काढू लागला, त्याला मी चहा आणायला पाठवले. माझा अनुभव असा की माणसाला गुन्ह्याबद्दल विचारले की तो दार लावून घेतो, बाकी कशाहीबद्दल विचारले की उघडतो. मी किल्ली टेबलावर ठेवली आणि विचारले, ही कुठल्या कुलपाची?

तो तासभर बोलत होता. दोन वर्षांपूर्वी जागीरदारांना संधिवातावर डॉक्टरने विलायतेकडच्या आल्प्सच्या डोंगरातले एक हॉटेल सुचवले होते. राजेरजवाडे उतरायचे असले हॉटेल. समुद्र ओलांडला म्हणून जागीरदारांनी पुढे प्रायश्चित्तही घेतले, पण चार महिने तिथे राहून आले, आणि अंग रगडायला याला बरोबर नेले. तिथे जमिनीतून गरम पाणी येते, त्यात माणसे गळ्याएवढी बसतात. मग पांढऱ्या कपड्यातली माणसे त्यांना रगडतात, वाफेत घालतात, टॉवेलात गुंडाळून गच्चीवर ओळीने खुर्च्यांत निजवतात. समोर बर्फाचे डोंगर. कुणी कुणाशी बोलत नाही. नुसते बघत पडायचे.

मी विचारले, तुला काय आवडले त्यातले? त्याने टेबलावरची किल्ली उचलून हातात घेतली.

"साहेब, तितं मला बी खोली व्हती. वरच्या माळ्यावर, बारकी. पर चावी माझ्या हातात दिली अन् मान लववून दिली. निघायच्या आदल्या दिशी तितला रगडनारा मला म्हन्ला, खुणंनंच म्हन्ला, की तू पड. अन् त्यानं माझं अंग चोळलं. साहेब, आमच्या सात पिढ्यांत न्हाव्याचं अंग कुनी चोळलं न्हाई. म्या लई रडलो. चावी तवाच ठिवून घेतली. परत जायचं म्हनून."

आणि परत जाण्याचा योगही आला होता. येत्या वैशाखात जागीरदार पुन्हा निघणार होते आणि बरोबर यालाच नेणार होते. दोन वर्षे तो त्या एका गोष्टीवर जगत होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. म्हणून मी सरळ सांगितले की चोरीचा डाग लागला तर विलायत विसर. मळ्यात न्हायला कोण येते ते सांग आणि मोकळा हो.

तो एकदम बंद झाला. आलवण कुणाचे, असे विचारले तेव्हा तो खाली पाहून म्हणाला, "हंडा म्या चोरला. लिवून घ्या साहेब. अंगठा कुटं लावू?"

आरोप टाळायला खोटे बोलणारे मी रोज पाहत होतो. आरोप ओढवून घ्यायला खोटे बोलणारा विरळा. जमादाराच्या मते प्रकरण संपले होते. कबुली मिळाली, माल मिळाला. मी त्याचा इजहार, म्हणजे जबाब, लिहून घेतला नाही. मुद्देमालाची नोंद आधी नीट होऊ दे, असे म्हणून हंडा घासायला लावला. चिंच आणि राखेने काजळी निघाली तशी काठावरची अक्षरे दिसू लागली. आपल्याकडे लग्नात मुलीला भांडी देताना नाव घालतात. तसे नाव होते, पुढे सासरचे आडनाव. ते जागीरदारांचे नव्हते.

गावात चौकशी करायला वेळ लागला नाही. नाव जागीरदारांच्या थोरल्या बहिणीचे निघाले, त्यांना सगळे अक्कासाहेब म्हणत. अकराव्या वर्षी विधवा झाल्या, तेव्हा सासरहून आलेली भांडी आणि त्या, दोन्ही माहेरच्या कोठीत जमा झाली. आता त्या पंचावन्नच्या पुढे होत्या. गुडघे इतके धरलेले की उठताना भिंत लागे. भावाबरोबर त्या हॉटेलात न्यावे म्हणून त्यांनी शब्द टाकला होता आणि घरात हशा झाला होता. रोज दुपारी त्या बैलांच्या दमणीतून डोंगराच्या पायथ्याच्या महादेवाला जात. मळा त्याच वाटेवर.

मी जागीरदारांकडे गेलो आणि सांगितले की भांडे ओळखायला घरातल्या बाईमाणसाचा इजहार लागतो. ही पळवाट होती, पण कायद्यातली होती. मला ओसरीवर बसवले, जागीरदार समोर तक्क्याला टेकून बसले आणि अक्कासाहेब माजघराच्या दाराआड येऊन उभ्या राहिल्या. न्हावी अटकेत आहे हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. मी सांगितले, आणि त्याने चोरी कबूल केली आहे हेही सांगितले.

मग त्या बाहेर आल्या. परक्या अंमलदारासमोर त्या कधी आल्या नसाव्यात. जागीरदार उठू लागले, तर त्यांनी हातानेच बस म्हणून खुणावले.

"हंडा माझा आहे अमीनसाहेब, मी त्याला दिलाय. त्याची बायको मला तिथं वाफ देते आणि न्हाऊ घालते. मग मी खुर्चीत पडते, तो भिंतीपलीकडं बसून सांगतो, आता समोर बर्फ आहे, आता ऊन आलं, आता बर्फ गुलाबी दिसतंय. मला नेलं नाही कुणी, म्हणून मी जाऊन येते. घरी आल्यावर पुन्हा सोवळ्याची अंघोळ करते, तेव्हा विटाळाचं कुणी काही बोलू नये."

मी लिहीत होतो. एवढ्यावर माझे काम झाले असते. पण त्यांनी डोक्यावरचा पदर मागे घेतला.

"आणि हेही लिहा. नाहीतर उद्या हाही त्याचाच गुन्हा ठरेल."

डोक्यावर चार बोटे केस होते. पांढरे, दाट. दर पंधरा दिवसांनी न्हावी मागच्या पडवीत येई, नेहमीएवढाच वेळ बसे, हॉटेलातल्या गोष्टी सांगे आणि वस्तरा न उघडता हत्यारांची धोकटी बांधून निघून जाई. चार महिने असे चालले होते. त्यानेच सांगितले होते की तिथे नवरा मेलेल्या बायका केस राखतात आणि कुणी वळूनही पाहत नाही. त्यावर अक्कासाहेब एवढेच म्हणाल्या होत्या, मग मला तिथं टक्कल घेऊन जायला लाज वाटेल.

मी जे लिहिले त्यात केसांचा उल्लेख नव्हता. फिर्याद खोटी ठरली, न्हावी सुटला. मुद्देमाल फिर्यादीला परत द्यायची पद्धत असते. मी इजहाराचा आधार घेऊन हंडा मूळ मालकिणीच्या ताब्यात दिला, तिच्या सहीची पावती घेतली आणि ती फायलीला लावली. त्या पावतीमुळे हंडा घरातल्या कुणाला काढून घेता आला नाही. माझ्या हातून झालेली एवढीच काय ती चांगली गोष्ट.

दुसऱ्या दिवशी न्हाव्याला वाड्यावर बोलावणे गेले. वस्तरा घेऊन ये, आजच्या आज काम कर, आणि वैशाखात तयार राहा. दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या, म्हणजे त्याला हिशेब कळावा. तो धोकटी न घेताच गेला आणि हात जोडून म्हणाला की सरकार, हे काम माझ्याच्यानं होनार न्हाई.

जागीरदारांनी दुसरा न्हावी आणायला माणसे पाठवली. एका गावचा म्हणे तापाने पडला होता. दुसऱ्याचा हात लचकला होता. तिसरा सासुरवाडीला गेला होता. पाच-सहा गावांतले सगळे वस्तरे एकाच आठवड्यात बोथट झाले. शेवटी जागीरदार स्वतः ठाण्यावर आले आणि मला म्हणाले, तुम्ही हुकूम करा. मी कायद्याचे पुस्तक त्यांच्यापुढे सरकवले आणि कलम दाखवा म्हटले. त्यांनी माझ्याविरुद्ध वर अर्ज केला. वर्षभरात माझी बदली झाली, ती त्यामुळे की नेहमीची, मला माहीत नाही.

वैशाखात जागीरदार दुसऱ्याच एका चाकराला घेऊन गेले. त्या दिवसांत गस्तीवर असताना मला न्हावी रस्त्यात भेटला. विचारू नये ते मी विचारले, जायला हवे होते असे वाटते का?

"वाटतं की साहेब. रोज वाटतं. आत्ता तितं गच्चीवर खुर्च्या मांडल्या असतील." मग म्हणाला, "पर अक्कासाहेबास्नी सांगताना म्या तितंच असतो."

बदलीचा हुकूम आला तेव्हा मी निरोप घ्यायला गेलो. अक्कासाहेब ओसरीवर आल्या. केस मानेपर्यंत आले होते, विंचरलेले. मला वाटले आभार मानतील, आणि मी ते नाकारायची वाक्ये मनात जुळवून ठेवली होती. आभारबिभार काही मानले नाहीत. नवे ठाणे कुठे आहे, तिथे नदी आहे का, झाडी कसली आहे, असे विचारत राहिल्या. मला त्या गावाची काहीच माहिती नव्हती. उठताना म्हणाल्या, "तिथं खिडकीतून काय दिसतं, ते मला कळवा. दोन ओळी पुरेत."

मी हो म्हटले.

या प्रकरणाने मला तपासाबद्दल पुष्कळ शिकवले. भांड्याच्या काठावरचे नाव वाचावे, वाळत घातलेले लुगडे पाहावे, मिळालेल्या कबुलीवर लगेच विश्वास ठेवू नये. हे मी पुढे नव्या अमीनांना शिकवले. पण खरा धडा निराळा होता आणि तो मी उशिरा शिकलो. माणसाचे काय चोरीला गेले हे विचारायला सरकार आम्हाला पगार देते. त्याला काय हवे होते, हे विचारायची आम्हाला सवय नसते, आणि एखादीने आपणहून सांगितले तरी ते ऐकून घेण्यापुरतेच असते.

नव्या ठाण्याची खिडकी नदीवर उघडत होती. पलीकडे चिंचांची रांग होती, संध्याकाळी तिच्यावर बगळे उतरायचे. तिथे मी तीन वर्षे काढली, रोज खिडकीशी बसून रिपोर्ट लिहिले, आज कळवू, उद्या कळवू म्हणत. मग अक्कासाहेब गेल्याचे समजले.