मागच्या रांगेतली बोली

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझं तिच्यापासून काही लपत नाही, अशी तिची समजूत आहे. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी लिलाव पुकारतो. जप्तीचे नाहीत, भाजीचेही नाहीत – संस्थांसाठी. लोक शाळांना, आश्रमांना चित्रं देतात, साड्या देतात, जुनी घड्याळं देतात. मग एखाद्या सभागृहात ऐपतदार मंडळी जमतात आणि मी त्यांच्या खिशात गोडीगुलाबीने हात घालतो. पुणेकराकडून पैसे काढायचे तर आधी कौतुक करावं लागतं, मग थोडा अपमान. मला दोन्ही जमतं. सदाशिव पेठेत वाढलोय.

या कामात एक लबाडी चालते. एकटाच माणूस बोली लावत असेल तर भाव चढत नाही. मग पुकारणारा मागच्या रांगेकडे बघून मान डोलावतो – ‘मागून आली बोली’. मागे कुणीही नसतं. समोरचा माणूस ईर्ष्येला पेटतो, संस्थेचं भलं होतं. मी हे कितीतरी वेळा केलं, आणि खरं सांगू? कधी काही वाटलं नाही. फक्त एक पथ्य पाळायचं असतं. खोटी बोली शेवटची ठरू द्यायची नाही.

ते पथ्य एकदा मोडलं, तेव्हा मी नवा होतो. बँकेतली नोकरी सांभाळून सूत्रसंचालन करायचो, लिलाव पुकारायला नुकतीच सुरुवात केली होती. कर्णबधिर मुलांच्या एका शाळेसाठी कार्यक्रम होता. वस्तूंमध्ये भरतकामाची एक चादर होती. शाळेत शिवण शिकवणाऱ्या रझियाबाईंनी आजारपणात, मुलांना भोवती बसवून, ती भरली होती. काम पुरं झालं आणि काही दिवसांत बाई गेल्या.

त्यांचे यजमान, अत्तारचाचा, पुढच्या रांगेत बसले होते. बिबवेवाडीत त्यांचं चष्म्याचं छोटं दुकान होतं. त्यांनी शब्द टाकला असता तर शाळेने चादर तशीच दिली असती. पण मुलांच्या नावाची वस्तू फुकट कशी न्यायची, म्हणून ते रीतसर बोली लावायला आले होते. हे सगळं मला कार्यक्रमाआधीच कळलं होतं – इथे सबब सांगायला जागा नाही.

त्यांनी हात वर केला. दुसरं कुणी बोलेना. त्याच वेळी शाळेच्या अध्यक्षबाईंनी माझ्याकडे एक नजर टाकली. संध्याकाळ तशी फिकीच चालली होती. मी मागे बघून मान डोलावली.

चाचांनी वळून पाहिलं. मागे दाराशी गर्दी उभी होती, त्यात कोण कुणाला ओळखणार? त्यांनी भाव वाढवला. मी परत मान डोलावली. त्यांनी परत वाढवला, पण या वेळी थोडं थांबून. तिथेच थांबायला हवं होतं ना मी? मला कळत होतं. पण सभागृहात एकदम जीव आला होता, लोक माना वळवून बघत होते, आणि ते सगळं माझ्यामुळे होत होतं. मी आणखी एकदा मान डोलावली.

चाचांनी हात मांडीवर ठेवला.

मी वाट पाहिली. एकवार म्हटलं. दोनवार म्हटलं – इतकं सावकाश की पुढचे लोक हसले. ‘मागच्यांनी बोली मागे घेतली,’ एवढं एक वाक्य म्हणता आलं असतं. पण बोली लावणारा कोण, असं कुणी विचारलं असतं तर? मी तीनवार म्हटलं आणि हातोडा मारला. मग त्याच तोंडाने सांगितलं की घेणाऱ्याला नाव गुप्त ठेवायचं आहे. टाळ्या खूप वेळ वाजल्या. पैसे दुसऱ्या दिवशी मीच भरले.

एका चादरीला एवढा भाव आणणारा माणूस म्हणून माझं नाव झालं. मग एकेक संस्था बोलावू लागली, मी नोकरी सोडली. माझं सगळं बस्तान त्या एका संध्याकाळवर उभं आहे.

कार्यक्रम संपल्यावर चाचा माझ्यापाशी आले. म्हणाले, “साहेब, ज्यांनी घेतली ना, त्यांना एवढं सांगाल का? उन्हात वाळत घालू नका म्हणावं. लाल दोऱ्याचा रंग कच्चा आहे.” चादर तेव्हा माझ्याच टेबलाखालच्या पिशवीत होती. वाकून काढून द्यायची, बस. मी म्हणालो, “सांगतो.”

पुढे ते रस्त्यात भेटले की मीच आधी नमस्कार करायचो. त्यांनी चादरीचं नाव पुन्हा कधी काढलं नाही.

मागच्या महिन्यात त्यांची मुलगी वाघोलीहून माझ्या घरी आली. चाचा गेल्याचं सांगायला. मी चहा ठेवला. ती म्हणाली, अब्बांना चादर न मिळाल्याचं दुःख होतंच, पण हळूहळू त्यांनी एक समाधान शोधलं होतं. अम्मीच्या हातचं काम आपल्याइतकंच हवंसं वाटणारा आणखी एक माणूस या शहरात आहे. बहुधा तिचा जुना विद्यार्थी असेल. नमाजानंतर ते त्याच्यासाठीही दुआ मागायचे. तिला त्या माणसाला एकदा भेटायचं होतं.

“काका, कोण होते ते? आठवतं का तुम्हाला?”

चादर आतल्या खोलीत, कपाटात होती. अजूनही आहे.

मी म्हणालो, “नाही गं. फार वर्षं झाली.”