खऱ्या कारणाला पट्टी नाही

फ्रेमवाल्याच्या दहा बोटांपैकी निदान एकावर तरी कायम बदक असायचं. नाहीतर मगर, नाहीतर काळ्याभोर मिश्या. फोटोंना काचा बसवायचा धंदा म्हटला की बोटं कापणारच. पण या गृहस्थाची खोड अशी, की काच कापली रे कापली की तिची कड गुळगुळीत झालीय का, ते बोट फिरवून बघायचं. झालेली नसायचीच. पस्तीस वर्षांत एवढं शहाणपण काही आलं नाही.

बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. लहान मुलांच्या जखमांवर चिकटवायच्या चित्रांच्या पट्ट्या खपल्या नाहीत की ती घरी आणायची. "अक्कल लहान मुलाची, मग पट्टीही त्याच मापाची," म्हणायची. घरात तिचा नियम एकच: खऱ्या कारणाला पट्टी नाही. काच लागली म्हणालात तर बसा रक्त पुसत. झकास लोणकढी थाप मारली, तरच पट्टी. मग हा सांगायचा, गिऱ्हाइकाच्या सासूबाईंनी फोटोतूनच चावा घेतला. ती हसत हसत औषध लावायची आणि ते झोंबायचं तेव्हा हा ओरडायचं विसरायचा. लेक या थापा ऐकतच मोठी झाली.

दोन वर्षांपूर्वी बायको विसरायला लागली. आधी गॅसवरचं दूध, मग शेजारणीचं नाव. एकदा तर पोटच्या लेकीला म्हणाली, "बसा ना, चहा घेणार?" लेक त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडली. आईला आपल्याकडे न्यायचं तिनं तेव्हाच ठरवलं. तिच्या घरी दिवसभर कुणी ना कुणी असायचं. पण फ्रेमवाला कुणाचं ऐकेल तर शपथ. "थापेला हसते ना अजून? मग ओळखते ती मला. कुठंही जायची नाही." हसायची खरी. आपण कशाला हसतोय ते तिला कळतं का, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.

परवा एका मोठ्या आरशानं त्याची तर्जनी चांगलीच कापली. रुमाल गुंडाळून, दुकानाचं शटर ओढून तो घरी निघाला. वाटभर दुखण्याकडे लक्षच नव्हतं, थापेची जुळवाजुळव चालली होती. घरात लेक आलेली होती, आत कपडे आवरत होती. बायको खिडकीशी बसली होती. त्यानं बोट पुढे केलं आणि तोंड वाकडं केलं.

"अगं, आरशातला माणूस चावला! सोडायलाच तयार नाही!"

ती हसली नाही. तिनं बोटाकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि उठून भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"कुठंय तो? आत आलाय?"

"अगं, गंमत केली..."

"दार लावा! आधी दार लावा!"

लेक धावत आली, तिनं आईला कवेत घेतलं. तरी आईची नजर दारावरून हलेना. जिला हसवायला फ्रेमवाला एवढी वर्षं थापा मारत आला, तिला आज त्यानंच भ्यायला लावलं होतं. स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटली त्याला.

तो तिच्यासमोर खाली बसला. "कुणी आलेलं नाही," तो हळू म्हणाला. "मी काचेचं काम करतो. कडेवरून बोट फिरवलं, कापलं. चूक माझीच आहे."

हे तिला पटलं. श्वास हळूहळू जागेवर आला. तिनं खणातला डबा काढून एक पट्टी निवडली, पण वरचा कागद काही तिला सोडवता येईना. बराच वेळ नखानं खरवडून शेवटी तिनं ती तशीच त्याच्या तळहातावर ठेवली.

"जपून काम करावं, भाऊ," ती म्हणाली. दुकानात अनोळखी गिऱ्हाइकाशी बोलताना असायचा तोच मऊ आवाज. "घरी बायको आहे ना लावून द्यायला?"

"आहे," फ्रेमवाला म्हणाला. मग लेकीकडे न बघता त्यानं तिला आईची बॅग भरायला सांगितली.