सव्विसावा मास्तर

जतीनला स्वस्थ बसलेला मी आयुष्यात एकदाच पाहिला, आणि तो दिवस काही चांगला नव्हता. एरवी हा माणूस डहाणूला माझ्या कुरिअरच्या काउंटरवर आला की आधी वजनकाट्याशी खेळणार, मग दाराशी जाऊन रस्ता बघणार, मग परत येऊन फोन काढणार. त्यात तो उजवा हात. बोलता बोलता चार बोटं वर, अंगठा खाली, आणि हात तोंडासारखा उघडतो, मिटतो. मी कितीदा म्हटलं, अरे तो हात खिशात घाल, गिऱ्हाइकं बघतात. घालतो. जरा वेळाने परत सुरू.

तसा दोष त्याचा नाही. त्या हाताची नोकरीच ती होती.

आमची दोघांची घरं झाईला, गुजरातच्या हद्दीला लागून, मधे एक कुंपण. त्यांची चिकूची वाडी जुनी, पण जतीनचं मन तिच्यात कधी रमलं नाही. शाळा संपल्यावर तो डहाणूच्या एका फुग्यांच्या कारखान्यात लागला. रबराच्या दुधात साचे बुडवायचे, सुकवायचे, फुगे उतरवून घ्यायचे. त्याच सुमारास हद्दीपलीकडच्या एका स्टुडिओत मुलांची मालिका सुरू झाली. तिच्यात एक बाहुला होता, खुळखुळे मास्तर. एक कान मोठा, दाढी पांढरी, आणि पोरांपेक्षा जास्त चुका स्वतःच करणारा. त्याचा रबरी चेहरा घडवायला जतीनला बोलावलं. मग मास्तरांच्या आत हात घालणारा माणूस आजारी पडला, म्हणून जतीनने हात घातला, तो मालिका बंद पडेपर्यंत बाहेर काढला नाही. आवाज मुंबईच्या एका नटाचा होता, नावही त्याचंच झालं. हात आमच्या जतीनचा, हे झाईत सगळ्यांना ठाऊक आणि झाईबाहेर कोणालाच नाही.

पुढे मालिका बघणारी पोरं मोठी झाली, पगार कमावू लागली आणि मोबाइलवर मास्तरांचे जुने तुकडे बघून डोळे पुसू लागली. त्यांचे ग्रुप निघाले. बाजारात प्लॅस्टिकचे मास्तर आले, दोनशे रुपयांना, दोन्ही कान सारखे. ते पाहून जतीनचा असा काही तिळपापड झाला की विचारू नका. तो थेट मालिकेच्या मालकांकडे गेला आणि खऱ्यासारखे मास्तर बनवायची परवानगी मागून आला. मालकांनी सांगितलं, पंचवीस कर, त्याच्यावर एक नको. जतीनने ग्रुपवर तसा शब्द दिला. पंचवीस होतील, मग साचा फोडणार.

एकेका मास्तराला महिनाभर जायचा. दाढीचा केस न् केस सुईने रोवायचा, जाकीट हाताने शिवायचं, पाठीमागे नंबराची पितळी पट्टी ठोकायची. किंमत ठेवली अठरा हजार. मी म्हटलं, तुला वेड लागलंय, एवढ्यात वाडीच्या पंपाची मोटर येईल. पहिले पाच गेले तेव्हा मीच तोंडात बोट घातलं. मग ज्यांना मिळाला नाही ते ज्यांना मिळाला त्यांच्या मागे लागले, आणि सात नंबरचा मास्तर ऐंशी हजाराला विकला गेला. त्यातही आधीच्या नंबरला भाव जास्त. साचा तोच, हात तोच, दाढी तीच, पण चार नंबर महाग आणि अठरा नंबर स्वस्त. चिकूला कधी कोणी नंबर घातले नाहीत, नाहीतर आम्हीही आज कुठल्या कुठे असतो.

भाव असे चढायला लागले आणि जतीनची झोप उडाली. त्याला त्यातला पैसाही मिळायचा नव्हता, विकणारे दुसरेच. तरी वाडीत नेटवर्क शोधत हा झाडांमधून फिरत राहायचा. फोन कधी इकडचा टॉवर पकडे, कधी गुजरातचा. आणखी करा म्हणून रोज कोणीतरी विनवायचं. हा सगळ्यांना एकच सांगायचा, शब्द दिलाय. चोवीस विकायला आणि पंचविसावा त्याचा स्वतःचा. तो कितीही पैसे आले तरी द्यायचा नव्हता. माझ्या हाताचं एवढंच उरलंय, असं तो मला एकदा म्हणाला होता, आणि नेमकं तेव्हा मी त्याची थट्टा केली नाही.

पंचवीस पुरे झाले तेव्हा त्याने साचा अंगणात ठेवला, फोनसमोर हातोड्याने फोडला आणि व्हिडिओ ग्रुपवर टाकला. लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली.

शेवटचे दोन, तेवीस आणि चोवीस, पुण्याच्या ओंकार नावाच्या मुलाने घेतले होते, एक स्वतःला आणि एक बहिणीला. हा मुलगा गाडी घेऊन स्वतः न्यायला आला. माझ्या कुरिअरवर त्याचा भरवसा नव्हता, हे मी अजून विसरलेले नाही. त्या सकाळी जतीन बँकेत गेला होता. घरी एकटी कुसुमकाकी, जतीनची आई. तिने दोन्ही खोकी दिली, पाणी दिलं, चहा दिला. मुलगा निघाला आणि काकीचा जन्मभराचा देता हात आड आला. वाडीवाल्यांच्या दारातून गिऱ्हाईक नुसतं मोजलेलं घेऊन जात नाही. शेकडा चिकू घेतले की वर मूठभर घालायचे, नारळ घेतले की वर एक. त्या वरच्याला आम्ही 'वर' असंच म्हणतो. तो घातला नाही तर दिलेलं अपुरं वाटतं. पोरगा एवढ्या लांबून आला, दोन घेतले, आणि त्याला वर काहीच नाही?

माळ्यावर एक मास्तर होता. अगदी पहिला, जतीनने अंदाज घेण्यासाठी केलेला. त्याच्या मोठ्या कानात बुडबुडा राहिला होता, म्हणून जतीनने तो टाकून दे म्हणून आईकडे दिला होता. काकीला डोळे असलेली वस्तू उकिरड्यावर टाकवेना. तिने तो जुन्या लुगड्यात गुंडाळून वर ठेवला आणि जतीन विसरून गेला. काकीने तो उतरवला, पुसला आणि ओंकारच्या हातात ठेवला. सोबत चिकूची पिशवी.

मुलाने आनंदाने तिन्ही मास्तरांचा फोटो ग्रुपवर टाकला. तिसऱ्याच्या पाठीवर पट्टी नव्हती.

मग जे झालं ते मी काउंटरवर बसून फोनवर वाचत होते. लोक लिहीत होते, साचा फोडल्याचं नाटक होतं, दुसरा साचा लपवलाय, सव्विसावा निघाला म्हणजे साठावाही निघेल. ज्यांनी ऐंशी हजार मोजले होते त्यांना आता कोणी चाळीस द्यायला तयार होईना. कोणी पैसे परत मागितले, कोणी मालकांना कळवलं. जे हात जोडत होते तेच चोर म्हणाले. तेवढ्यात एका शहाण्याने ओंकारला त्या बिननंबरी मास्तराचे दोन लाख देऊ केले, कारण तसा जगात एकच होता. माणसांचं काही कळत नाही.

जतीनला खरं काय ते घरी येताच कळलं. काकीने लपवलं नाही. मी दिला, म्हणाली, दोन घेतले त्याने, वर नको द्यायला? जतीन ओरडला नाही. तो आईशी बोलायचाच थांबला. ताट समोर आलं की जेवायचा, उठायचा, चपला घालून वाडीत जायचा, दहा झाडं चालून परत यायचा. काकी कुंपणाशी येऊन मला विचारायची, पोर कसलं हरवलं गं माझं, एका रबराच्या बाहुल्यात? मला दोघांचाही राग येत होता आणि दोघांचीही कीव येत होती.

मी जतीनला सांगितलं, त्यात काय एवढं, ओंकारकडून परत माग. नाहीतर लिही ग्रुपवर, म्हाताऱ्या आईने न कळत दिला. सुटशील. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जशी मी परक्या गावची.

"आईचं नाव चार लोकांच्या तोंडी घालू? आणि वर दिलेलं कधी कोणी परत मागितलंय का आपल्यात?"

एका सकाळी त्याने मला कुंपणावरून हाक मारली आणि फोन धरायला सांगितला. ओटीवर चटई, चटईवर त्याचा स्वतःचा मास्तर, नंबर पंचवीस, आणि शेजारी कात्री. मी काय चाललंय विचारायच्या आत तो फोनकडे बघून बोलायला लागला. सव्विसावा माझ्या घरातून गेला, चूक माझी, असं म्हणाला. पंचवीस सांगितले होते, पंचवीसच राहतील. आधी त्याने पाठीची पट्टी काढून बाजूला ठेवली. मग कात्री घेतली आणि मास्तराचा चेहरा कानापासून हनुवटीपर्यंत कापला. रबर चिवट, एका दमात कापत नाही. दाढीचे केस चटईभर झाले. मला रडू येत होतं आणि त्याला मी थांबवू शकत नव्हते.

व्हिडिओ गेला. हळूहळू लोक माफी मागायला लागले, मग भाव पुन्हा चढले, आधीपेक्षा वर. ते सगळं मी नंतर वाचलं. पट्टी त्याने पाकिटात घालून ओंकारला पाठवली, बिननंबरी मास्तराच्या पाठीवर ठोकायला. त्या पाकिटाचे पैसे मी घेतले नाहीत.

पण त्या सकाळी जतीनने ग्रुप उघडलाच नाही. तो ओटीच्या खांबाला टेकून बसला. फोन नाही, फेऱ्या नाहीत. उजवा हात मांडीवर उताणा पडलेला, एकही बोट हलत नव्हतं. इतकी वर्षं मी त्या हाताला शिव्या दिल्या, आणि आता तो हलावा म्हणून माझा जीव खालीवर होत होता.

काकी दारात उभी होती. किती वेळ, मला माहीत नाही. ती आली, खाली बसली, चटईवरचे केस तिने एका बाजूला सारले. मुलाच्या तोंडाकडे तिने बघितलं नाही. त्याच्या हातासमोर जराशी वाकली.

"मास्तर," ती म्हणाली, "माझ्यावर राग आहे का?"

जतीनने मान भिंतीकडे फिरवली. मग मांडीवरचा हात उलटला, चार बोटं जुळली, अंगठा खाली आला. बाहुल्याविना तो हात वर उठला, काकीकडे वळला, आणि त्या हातानेच मास्तरांसारखी हळूच मान हलवली. नाही.