कोरियासाठी उपास

मध्यभारत राज्याच्या त्या दिवसांत सरकार उन्हाळ्यात इंदूरला असे आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला. झाडं तोडायचे हुकूमही बहुधा त्याच्याच बरोबर जात, त्यामुळे जुनी इंदूरमधलं आमचं वृक्षरक्षक मंडळ हिवाळ्यात अगदी रिकामं बसे. मंडळ म्हणजे नदीकाठच्या चिंचा वाचवायला एकत्र आलेले होळकर दरबारचे निवृत्त अधिकारी, काही मास्तर आणि एकटी बाई मी, कन्याशाळेतली मास्तरीण. रिकामं मंडळ फार धोकादायक. कोरियातल्या लढाईच्या बातम्या वाचून अध्यक्षांनी एक दिवस जाहीर केलं, "तिकडे गावंच्या गावं जळाली, जंगलं जळाली, माणसं उपाशी आहेत. आपणही एक दिवस चिंचेखाली बसून उपास करायचा."

मी लगेच हात वर केला. खरं सांगायचं तर माझं लक्ष कोरियाकडे नव्हतं, शेजारच्या मौशीकडे होतं. तिचा एकुलता एक मुलगा फौजेच्या दवाखान्याबरोबर कोरियाला गेला आणि तिची अन्नावरची वासनाच उडाली. घरात एकटी. मी नेलेला डबा तसाच परत येई. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तेव्हा मला भीतीच वाटली.

आता आमच्या लोकांना मी चांगली ओळखत होते. उपास म्हटलं की आमच्या घरांतून आधी साबुदाणा भिजतो.

"मौशी, कोरियासाठी उपास आहे. येतेस?"

"उपास असेल तर येते. जेवायला बोलवशील तर नाही."

"छे, छे! उपासच!" मी शपथ घेतली. खोटं काय होतं त्यात?

त्या दिवशी चिंचेखाली सतरंजी अंथरली होती आणि सतरंजीवर पातेल्यांची रांग. खिचडी, भगर, दाण्याची आमटी, बटाट्याचा चिवडा, रबडी, शिवाय तुपात तळलेले गराडूचे काप. हिवाळ्यात हा कंद समोर आला की इंदूरच्या माणसाला जगाचा विसर पडतो. मौशीनं कमरेवर हात ठेवले.

"ये उपास है कि बारात? काय करून राहिले तुम्ही लोक?"

अध्यक्षांच्या हातातला गराडू तोंडाजवळच थांबला. "फराळाचंच आहे सगळं, मौशीजी," ते पुटपुटले.

मी हळूच तिच्या हातात खिचडीचा द्रोण ठेवला. खिचडी मी केली होती आणि मुद्दाम बिघडवली होती. मौशीला सगळं सोसे, बिघडलेलं अन्न सोसत नसे. तिनं चव घेतली.

"कूट कुठे गेलं? हा साबुदाणा आहे का गोंद? मास्तरीणबाई, मुलींना काय शिकवता?"

पुन्हा घास घेतला, पुन्हा बोलली. नावं ठेवता ठेवता द्रोण रिकामा झाला. मी तोंड फिरवून हसत होते.

मग गराडूचं ताट तिच्यापुढे आलं आणि तिचा हात थांबला. "त्याला फार आवडतं हे," ती म्हणाली. तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. माझी लबाडी तिला केव्हाच कळली होती.

"काय गं, त्या कोरियातल्या आयांनाही कोणी असं फसवून जेवायला बसवत असेल का?"

अध्यक्षांनी सहानुभूतीचा लांबलचक ठराव लिहून आणला होता. तो त्यांनी खिशातून काढला, मौशीकडे पाहिलं आणि परत ठेवून दिला. मला रडू आवरेना.

मौशीनं रिकामा द्रोण माझ्यापुढे केला.

"वाढ. आता त्या आयांच्या वाटचं खाते."