बँडवाले खुर्चीवर

लोकांकडे लग्नाचे अल्बम साठतात, आमच्याकडे अपमान साठले. पंचवीस वर्षं सुरतेत लोकांच्या वरातीपुढे चाललो ना भाऊ, एकेक किस्सा आठवला की आजही डोकं तापतं.

मी क्लॅरिनेटवाला. एरवी लिंबायतच्या आमच्या मराठी वस्तीत कापडाच्या लूमवर, लग्नसराईत बँडमध्ये. आमचे मास्तर धुळ्याकडचे, ट्रंपेट वाजवायचे. कतारगामच्या एका लग्नात तीन तास उन्हात वाजवून आम्ही मांडवातल्या रिकाम्या खुर्च्यांवर जरा टेकलो. तर नवऱ्या मुलाचा काका, मोठा शेठ, सगळ्यांदेखत म्हणाला, "उठो. बँडवाले बैठते नहीं."

मास्तर उठले. सत्तावन्न वर्षांचा माणूस, गुडघे दुखणारा!

त्याच दिवशी त्यांनी ठरवलं. बँडला पंचवीस वर्षं होतायत, तर एक कार्यक्रम खुर्चीवर बसून करायचा. समोरच्या दाराने आत जायचं, आणि लोकांनी गप्प बसून ऐकायचं. बाकी काही नको.

* * *

मास्तरांकडे एक घासून गेलेली कॅसेट होती, शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या एका रशियन संगीतकाराची. म्हणाले, अख्खा कार्यक्रम याचाच. ढोलवाला नाना म्हणाला, "मास्तर, मेलेल्या माणसाची वरात काढायची का आता?" मास्तरांनी कॅसेट लावली. ऐकून ऐकून प्रत्येकाचं सारेगम वहीत उतरवून दिलं.

* * *

तालीम सुरू झाली आणि अब्रूच गेली. बसून आम्हाला वाजवताच येईना! पंचवीस वर्षं चालत वाजवलेलं, पाय थांबले की ठेका सुटायचा. मास्तर संतापले, मग स्वतःचेही पाय हलताहेत हे त्यांना दिसलं. शेवटी आवाज नको म्हणून चपला काढायच्या आणि खुर्चीखाली पाय हलवत राहायचं, असं ठरलं.

* * *

हॉल मिळाला तो नेमका त्याच शेठच्या ट्रस्टचा. अट एकच, प्रमुख पाहुणा तो. मी म्हटलं, नको हा हॉल. मास्तर म्हणाले, खुर्च्या तर आहेत ना तिथे.

आणि कार्यक्रमाच्या दिवशी वॉचमनने आम्हाला संडासाजवळच्या मागच्या दाराने आत घेतलं. आमच्याच कार्यक्रमाला! मास्तर सरळ आत गेले, याचाच मला जास्त राग आला.

शेठने संगीतकाराच्या फोटोला हार घातला आणि मला हळूच विचारलं, "आ भाई आव्या छे के नहीं?" म्हणजे, हे भाई आलेत की नाही!

* * *

पण वाजलं. देवाशपथ, चांगलं वाजलं. लिंबायतच्या आयाबाया पोरं मांडीवर घेऊन चिडीचूप बसल्या होत्या. शेवटचा भाग अगदी संथ, विझत जाणारा. तो संपला आणि कोणी खोकलंही नाही. मास्तरांचे डोळे भरले होते.

तेवढ्यात शेठ शाल घेऊन स्टेजवर चढला. "बहुत अच्छा. अब बारातवाला बजाओ. खडे होके."

मास्तर खुर्चीवरून उठले. मग आम्हाला म्हणाले, "उठा रे."

आम्ही उठलो. मला तर रडू फुटायचं बाकी होतं. मास्तरांनी ट्रंपेट तोंडाला लावला आणि तोच शेवटचा संथ भाग पुन्हा धरला. वाजवत स्टेजच्या पायऱ्या उतरले, मधल्या वाटेने निघाले. आम्ही अनवाणीच मागे.

बँड चालायला लागला की आपली माणसं मागे चालतात, ती सवयच. लिंबायतवाले उठले. बायांनी पदर सावरले, पोरं कडेवर घेतली. वॉचमनने समोरचं दार सताड उघडलं.

रस्त्यावर आल्यावर मी वळून पाहिलं. आत आमच्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये शेठ एकटाच उभा होता, हातात शाल घेऊन.

मास्तरांनी क्षणभर ट्रंपेट खाली घेतला. "मागे बघू नको," म्हणाले, "ठेका जातो."