वर्षाचा कौल

मी काही देवभोळी बाई नाही. स्वयंपाक आटोपल्याशिवाय मला देव आठवत नाही, आणि आठवला तरी त्याच्यापुढं फार वेळ बसणं मला जमत नाही. पण संस्थान विलीन झालं त्या वर्षीच्या पाडव्याला जे घडलं ते लिहून ठेवावं, असं बरेच दिवस मनात आहे. त्याचा अर्थ मला आजही पुरता लागलेला नाही. घडलं तसं सांगते.

माझे यजमान कोल्हापुरात दरबारच्या कचेरीत कारकून होते. विलीनीकरणानंतर कचेऱ्यांची उलथापालथ झाली आणि रत्नागिरीला बदली घेता का, अशी त्यांना विचारणा झाली. बरोबर बढती होती. घरात दुसरा विषय नव्हता. सासूबाई नारळ स्वस्त मिळतील म्हणून खूश होत्या. मला मात्र रत्नागिरी नको होती, आणि त्याचं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी मराठी सहावीतून उठले ती बोहल्यावर उभी राहायलाच. आदल्या वर्षी मुलगी सातवीची फायनल परीक्षा पास झाली, तेव्हा तिची पुस्तकं मी रद्दीत घालू दिली नाहीत. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की ती काढायची. आमच्या बोळात मुलींची शाळा होती. तिथल्या बाई मला अडलेलं गणित समजावून द्यायच्या. त्याच एकदा म्हणाल्या, "फायनल देऊन टाका. आमच्या शाळेत शिकवायला बायका हव्यातच." मी पस्तिशी ओलांडलेली. पण ते ऐकल्यापासून भाकरी थापताना डोळ्यांपुढं फळा यायचा. मी पदर खोचून फळ्यावर लिहिते आहे आणि मागं मुली एका सुरात वाचताहेत, एवढंच दिसायचं. तव्यावरची भाकरी करपली की फळा पुसला जायचा. बिऱ्हाड हललं असतं तर या बाई सुटल्या असत्या, शाळा सुटली असती, आणि नव्या गावात नवा संसार मांडता मांडता माझी चाळिशी उलटली असती.

आमच्या घरात एक जुनी रीत आहे. पाडव्याला सकाळी गुढी उभारायची आणि मलकापूरजवळच्या खेड्यात कुलदेवीपुढं जाऊन वर्षाचा कौल लावायचा. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतो आणि आपलं मागणं मोठ्यानं सांगतो. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एका घराला वर्षाचा एकच कौल, पुन्हा विचारायचं नाही. त्या वर्षी विचारायचं काय ते ठरलेलंच होतं.

सासूबाई गुढीपाशी थांबल्या. आम्ही दोघं मोटारीनं गेलो. देवळात गर्दी होती. आमची पाळी आल्यावर गुरवानं मोगऱ्याच्या कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "आई, तुझं लेकरू रत्नागिरीला नोकरीवर जायाचं म्हणतंय. जावं का न्हाय, सांग!"

कळ्या हलल्या नाहीत. गुरवानं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. हे हात जोडून, डोळे मिटून उभे. मागची माणसं चुळबुळायला लागली. माझ्या मागं डोक्यावर तुपाचं मडकं घेतलेली एक म्हातारी होती. अनोळखी. ती माझ्या खांद्याला हात लावून म्हणाली, "पावणं, आवरा की. माझं तूप पातळ व्हाय लागलंय."

मी म्हटलं, "मावशी, कळीच पडत नाही, तर आम्ही काय करणार?"

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "तोंडात एक आन् मनात एक आसलं तर त्या आईनं कुणाचं ऐकायचं? काय हाय ते सांगून मोकळ्या व्हा."

इतक्या वर्षांत मी देवीकडं यांच्या नोकरीचं, मुलीच्या खोकल्याचं, सासूबाईंच्या गुडघ्यांचं मागितलं होतं. स्वतःसाठी काही मागायचं असतं हे कधी सुचलंच नव्हतं. मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, 'मला शिकायचंय. मला शाळेत शिकवायचंय. होईल का?'

"उजवी!" गुरव ओरडला.

डोळे उघडले तर कळी पायरीवर पडलेली. यांनी वाकून ती उचलली, कपाळाला लावली. चेहरा उजळला होता. "चला, रत्नागिरीचं ठरलं," ते म्हणाले.

गप्प बसले असते तर गोष्ट तिथंच मिटली असती. मला मिळालेल्या होकारानंच माझं बिऱ्हाड उचललं गेलं असतं. पण देवीच्या समोर उभं राहून खोटं वागणं मला झेपेना. मी म्हटलं, "अहो, हा कौल बदलीचा नाही. मी मनात दुसरंच मागितलं." आणि काय मागितलं तेही तिथंच सांगितलं.

गुरवानं कपाळावर हात मारला. "मी बोललो एक आन् तुमी मागितलं भलतंच! आता वरीसभर कौल न्हाय बरं का."

"दिलं ते दिलं तिनं," म्हातारी म्हणाली. "सरका आता."

घरी सासूबाईंनी ऐकलं आणि त्या कडाडल्या, "सगळ्या घराचा कौल एकटीनं खाल्लास की गं!" खाल्लाच होता.

हे पाटावर बसले, जेवले, हात धुतले. मग म्हणाले, "आई, बदलीचं देवीनं माझ्यावर सोडलंय असं दिसतं. मी एकटा जातो. तुम्ही तिघी इथं राहा. हिला परीक्षा देऊ दे." आणि माझ्याकडं वळून, "पुस्तकं फडताळात लपवतेस ते मला ठाऊक होतं. तू कधी बोलशील, तेवढंच बघत होतो."

ते दोन वर्षं खानावळीत जेवले. ते गेल्यावर घर किती मोठं वाटायचं, हे मी त्यांना पत्रात कधी लिहिलं नाही. लिहायला हवं होतं. पहिल्या खेपेला मी गणितात नापास झाले. सासूबाई म्हणाल्या, "देवीनं होकार दिला, गणित न्हाय दिलं." पण दुसऱ्या वर्षी दुपारच्या चहाचं आधण त्याच टाकायला लागल्या. मी पास झाले, आणि हेही बदलून परत कोल्हापूरला आले. आता बोळातल्या शाळेत दुसरीचा वर्ग माझ्याकडं आहे.

कळी वाऱ्यानं पडली असेल, समईच्या उबेनं सुटली असेल. मी त्यावर वाद घालत नाही. देवीवर सोडून दिलं, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले, पण सोडायला हातात आधी काही धरावं लागतं. मी काही धरलंच नव्हतं. त्या दिवशी धरलं, तिच्यापुढं ठेवलं, आणि मग नापास झाले तरी मन डळमळलं नाही. त्या आईचं आणि तूपवाल्या म्हातारीचं ऋण माझ्यावर आहे.

शिक्षिकेला लागणारी ट्रेनिंग कॉलेजची दोन वर्षं मात्र अजून व्हायची आहेत. मुली बाई म्हणून हाक मारतात तेव्हा तेवढं मनाला लागून राहतं. पाडवा जवळ आला आहे. हे परवा म्हणाले, यंदा गाऱ्हाणं गुरवानं घालायचं नाही, तुझं तूच घाल, सगळ्यांना ऐकू जाईल असं.