ज्याचं नाव, त्याने उत्तर द्यायचं

शिरीषच्या घरी चहाला गेलेला माणूस कामाला लागल्याशिवाय सुटत नसे. भांडुप गावातल्या त्या घरात पाऊल टाकलं, की हा पठ्ठ्या लॅपटॉप पुढ्यात ठेवायचा, एक पान उघडायचा आणि म्हणायचा, "यात लिहिलंय तसं कर." मग आपल्याकडे पाठ करून खिडकीशी उभा राहायचा. पाठ कशाला? तर, "माझ्या तोंडावरून तुला कळेल ना, कुठे चुकलीस ते. वाचणाऱ्यासमोर माझं तोंड नसतं."

पहिल्यांदा मी मध्येच अडकले. "शिरीष, आता पुढे काय?"

"मी घरी नाहीये. पानावर काय लिहिलंय?"

"पानावर काही लिहिलेलं नाही, मूर्खा!"

"मग चूक माझी. झकास!" असं म्हणून तो वळला आणि खुशीत तिथल्या तिथे दुरुस्ती करायला बसला. माझा चहा गार झाला तो झालाच.

अंधेरीच्या एका कंपनीत आम्ही शेजारी-शेजारी बसायचो. पण त्याचा जीव अडकला होता तो एका फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये. आपण लिहिलेला प्रोग्राम उचलून सर्व्हरवर नीट चालू करून देणं, हे त्या सॉफ्टवेअरचं काम. ओपन सोर्स, म्हणजे हौशी लोकांनी मिळून बनवलेलं. कुणीही वापरावं, कुणीही भर घालावी. ही भर म्हणजे प्लगिन. लोक प्लगिन लिहायचे आणि कुठल्यातरी कोपऱ्यात टाकून द्यायचे. दुसऱ्याला पत्ताच नाही, म्हणून तो बिचारा तेच परत लिहीत बसायचा. "वाट लागलीय नुसती," शिरीष करवादायचा. "रविवार घालवून केलेलं काम कुणाला दिसतच नाही, यार."

म्हणून त्याने एक पान बनवलं. तिथे सगळे प्लगिन एकत्र, प्रत्येकाची वापरायची पद्धत सोप्या भाषेत, आणि शेजारी ते सांभाळणाऱ्याचं नाव. वर एक नियम: विचारलेल्या प्रश्नाला महिनाभरात उत्तर आलं नाही, तर ते नाव काढायचं आणि जो उत्तर देईल त्याचं लावायचं. यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं.

"लाज वाटते का? माणूस आजारी असेल, घरात काही बरंवाईट झालं असेल!"

"ही काय कोनशिला आहे का गं? ज्याचं नाव, त्याने उत्तर द्यायचं. अडलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचं म्हणजे काय!"

स्वतः तो त्याच दिवशी उत्तर द्यायचा. कॅन्टीनमध्ये एका हातात वडा, दुसऱ्या हाताने टाइप करणं चालू. समोरचा कुठल्या देशातला, कोण, काही माहीत नसायचं, पण सुरुवात ठरलेली: आधी घाबरू नका.

त्या इंग्रजी पानावर एकच नाव देवनागरीत होतं, त्याचं. आईला वाचता यावं म्हणून. त्या मावशी, म्हणजे त्याची आई, बाजारात मासे विकायच्या, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर ते पान काढून बघायच्या. शेजारणीलाही दाखवायच्या. बाकी त्यातलं काही कळायचं नाही, पण पोराचं नाव जगाला दिसतंय, एवढं पुरे होतं.

मग शिरीषला रक्ताचा कॅन्सर निघाला. हॉस्पिटलमधून फोन केला त्याने. "माझे प्लगिन तू घे ना."

"अजिबात नाही. बरा हो आणि तूच सांभाळ."

"अगं, लोक विचारतील. मी कुठून उत्तर देऊ?"

मी भलतंच काहीतरी बोलून विषय बदलला. हो म्हणणं म्हणजे तो जाणार हे कबूल करणं. आणि तरी गेलाच तो.

काही दिवसांनी त्याच्या नावावर एक प्रश्न आला. मग पुन्हा तोच. पुढचे दिवस मी रोज ते पान उघडून नुसती बघत बसायचे. महिना भरला, तशी भांडुपला गेले. मावशींना न विचारता हात लावायची माझी हिंमत नव्हती.

"माझ्या पोराचं नाव पुसाला आलीस गो?" मावशी कडाडल्या. "तेवढं एक हाय, ते पण नेतेस?"

मी प्रश्न विचारणाऱ्या माणसाचा शेवटचा निरोप तेवढा मराठीत वाचून दाखवला. त्यात कामाचं काहीच नव्हतं. "शिरीषजी, तुम्ही नेहमी लगेच उत्तर देता. या वेळी नाही दिलंत. तुम्ही बरे आहात ना?"

मावशी खाली बसल्या. मग म्हणाल्या, "त्याला सांग गो. तो वाट बघतोय."

मी तिथेच बसून त्या अनोळखी माणसाला कळवलं. त्याचं अडलेलं कामही सोडवून दिलं. मग शिरीषचं नाव काढलं आणि माझं लिहिलं.

"गेलं?" मावशींनी विचारलं.

"हो."

त्यांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि पान वरखाली करत राहिल्या, त्याचं नाव शोधत.

शिरीष, तुझा नियम बरोबर होता रे. पण तो पाळायला मला लावायला नको होतंस.